तिसऱ्या मजल्यावरचा लाल पट्टा

मांजरी गावाकडच्या एका खासगी रुग्णालयात मी टेलिफोन विभाग सांभाळते. डॉक्टर आणि सिस्टर खिशात बिनतारी फोन घेऊन फिरतात. छताला बसवलेले बेस त्यांचे कॉल पकडतात. एका बेसवर एका वेळी मोजकेच कॉल चालतात. भार वाढला की माझ्या स्क्रीनवरचा हिरवा पट्टा लाल होतो.

डायलिसिस विभाग तिसऱ्या मजल्यावर आणला, तेव्हापासून भेटीच्या वेळेला नातेवाइकांच्या चौकशांपायी कॉल वाढून तिथला पट्टा रोज लाल व्हायला लागला. मी प्रशासकांना दाखवलं. "सर, इथे आणखी एक बेस लागेल."

"लागेल तेव्हा बघू. फोन बंद तर नाहीत ना पडले?"

नंतरही मी दोनदा आठवण करून दिली. पुढच्या बजेटमध्ये घेऊ, म्हणाले.

एका संध्याकाळी, नातेवाइकांची गर्दी असताना, तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांना श्वास घेता येईना. सिस्टरनं त्यांना ऑक्सिजन लावला आणि डॉक्टरांना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला, तेच. शेवटी तिनं वॉर्डातल्या मावशींना जिन्यानं खाली पिटाळलं. डॉक्टर धावत आले, पण तोवर आजोबांची शुद्ध हरपली होती. त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर माझ्या टेबलापाशी आली. डोळे सुजलेले.

"ताई, मी लावला होता हो फोन. मी गप्पा मारत बसले होते म्हणतायत सगळे."

मी आदल्या संध्याकाळच्या नोंदी उघडल्या. तिचे कॉल होते. बेस भरलेला असल्यामुळे एकही पुढे गेला नव्हता. मी प्रशासकांना सांगितलं. ते म्हणाले, "हे आपल्यातच ठेवा. आपण फोन सांभाळता, वकिली नाही."

दुपारी प्रशासकांनी आजोबांच्या मुलाला केबिनमध्ये बोलावलं होतं. सिस्टरसोबत मीही गेले. सिस्टर भिंतीला टेकून उभी होती. प्रशासक समजुतीच्या सुरात म्हणाले, "सिस्टरकडून जरा उशीर झाला, आम्ही त्यांना समज देतोय."

घरी मुलीची फी, सासूबाईंची औषधं, सगळं डोळ्यांपुढे येऊन गेलं. तरी तोंडातून निघालंच, "उशीर त्यांच्याकडून नाही झाला. आमची लाइन भरलेली होती."

मुलगा माझ्याकडे वळला. "हे तुम्हाला आधी दिसत होतं?"

"दिसत होतं. मी सांगितलंही होतं."

"सांगितलंत," तो म्हणाला, "आणि माझे वडील तिथेच होते."

तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. प्रशासक टेबलावरची काच पुसत राहिले.

आजोबा वाचले. पंधरवड्यानं घरी गेले, पण उजवा हात उचलत नव्हता. त्याच आठवड्यात नवा बेस बसला. माणसं आली, छताला चार भोकं पाडली आणि तासाभरात काम उरकून गेली. एवढंच काम होतं ते. सिस्टरला समज दिली नाही. मला मात्र प्रशासक आता फक्त मेलवर बोलतात.

सिस्टरनं स्वतःहून ओपीडीतली ड्यूटी मागून घेतली. कँटीनमध्ये भेटली की चहा पाजते, मुलीचं विचारते. वॉर्डात परत कधी येणार, असं मी एकदाच विचारलं. तिनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, "ताई, तिथे फोन हातात घेतला की अजून छाती धडधडते."