जयंतीची वर्गणी बँकेनं गिळली तेव्हा

आमच्या कुरुंद्याच्या वस्तीनं मला जयंती कमिटीचा खजिनदार केलं ते माझ्या हिशेबावर भाळून नव्हे, आवाजावर. मी कुरुंद्यात शिंकलो की औंढ्याला देवळासमोरचा नारळवाला दचकतो, अशी माझी ख्याती आहे आणि ती निम्मी तरी खरी आहे. वर्गणी मागायला असा माणूस बरा पडतो. दोन घरं तर मी गल्लीच्या तोंडाशी असतानाच पैसे काढून ठेवतात.

पण पुण्याला कंपनीत लागलेल्या पोरांपर्यंत हा आवाज पोचत नाही. ती पोरं म्हणाली, "मामा, क्यूआर पाठवा." मी मागं हिंगोलीला डाळमिलमध्ये होतो, तेव्हा पगारासाठी काढलेलं एक खातं होतं. मिल सुटली, खातं राहिलं. त्या बँकेचे मेसेज अधूनमधून यायचे, पण बँकेचे मेसेज आणि लांबच्या पाहुण्यांच्या लग्नपत्रिका मी सारख्याच मानानं ठेवतो, न वाचता. शिल्लकही कधी बघितली नाही. रिकाम्या कणगीत कोण डोकावतो? त्याच खात्याचा क्यूआर मी पुण्याला धाडला.

त्या संध्याकाळी फोन असा किणकिणत राहिला की शेजारच्याला वाटलं कुल्फीवाला आला. साडेसहा हजार जमा. जयंतीच्या जेवणात खीर करायची ठरली होती, तिचा गूळ, गहू, दूध सगळं त्यात निघत होतं. दुसऱ्या दिवशी आचाऱ्याला विसार द्यायला गेलो, तर फोन म्हणतो शिल्लक अपुरी. बघितलं तर चाळीस रुपये. साडेसहा हजार पोटात घालून बँकेनं मला चहापुरते ठेवले होते.

आता आमच्याकडं एक आहे. माणूस पिऊन रस्त्यात लोळला तर लोक विसरतात, कुणाच्या पोरीला घेऊन पळाला तर पहिलं लेकरू झाल्यावर विसरतात. पण जयंतीचे पैसे खाल्ले, हे त्याच्या नातवाच्या लग्नातही कुणीतरी हळूच सांगतं. विहारात बैठक बसली. कमिटीत आमच्या एक आत्या आहेत, सगळ्या वस्तीच्याच आत्या. त्यांच्यासमोर मी उभा राहिलो.

"बँकेनं खाल्ले म्हणून सांगून राहिला. बँकेला तोंड हाय का?"

"आत्या, चार्जेस कापले. मिनिमम बॅलन्स."

"ते काय असतं?"

"खात्यात पैसे नसले की दंड."

"म्हणजे ज्याच्याकडं न्हाई त्याच्याकडूनच घ्यायचं? आन् हे तुला आताच कळलं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आवाज मोठा, खिसा बी मोठा." मी मान खाली घातली. माझी मान खाली गेलेली वस्तीनं पहिल्यांदाच पाहिली. "परत आण," आत्या म्हणाल्या. "खिरीच्या पातेल्याखाली जाळ लागायच्या आत."

हिंगोलीची ती शाखा म्हणजे एक पंखा, पाच खिडक्या आणि निम्मा जिल्हा. रांगेत मी उभा राहिलो तेव्हा दाढी केलेली होती, खिडकीपाशी पोचलो तेव्हा आरशात साधूबाबा दिसला असता. खिडकीतल्या साहेबांनी पडद्यावर बघून सांगितलं की खातं कित्येक वर्षं मायनसमध्ये होतं. शिल्लक कमी म्हणून दंड, कार्डाचे वेगळे, मेसेजचे वेगळे आणि या सगळ्यावर टॅक्स. पैसे कापल्याचं ज्या मेसेजनं कळवलं, त्या मेसेजचेही पैसे कापलेले. मारणाऱ्यानं काठीचं भाडं मागावं, तसलं.

"साहेब, हे माझे पैसेच न्हाईत. जयंतीचे हाईत."

"काका, सिस्टम को क्या मालूम किसका पैसा है?"

अर्ज द्या म्हणाले. दिला. दोन नंबरची खिडकी म्हणाली, चार नंबरला द्या. चार नंबर म्हणाली, मॅनेजरची सही आणा. मॅनेजर वसमतला. वसमतहून आले तर जेवायला. जेवून आले तर सर्व्हर झोपलेला. जनरेटरवर पंखा फिरतो आणि सर्व्हर झोपतो, हे मी याचि डोळा पाहिलं.

मधल्या काळात उरलेली वर्गणी घ्यायची कुठं? म्हणून समोरच्या दुसऱ्या बँकेत नवं खातं काढायला शिरलो. तिथल्या मॅडम लेकीच्या वयाच्या, गोड बोलायच्या. आधार टाकलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"काका, तुमचा क्रेडिट स्कोर फार खराब आहे हो."

"मॅडम, मी कर्ज मागायला न्हाई आलो. पैसे ठेवायला आलो."

"पण सिस्टीम लाल दाखवतीय."

लाल का, तर माझ्या साडूचा टेम्पो. आमच्याकडं जामीन राहायचं बोलावणं म्हणजे पानसुपारीचं बोलावणं. साडू म्हणाला, "चला, एक सही करायची हाय." कशावर, हे विचारणं म्हणजे साडूचा अपमान आणि वर बायकोचं महिनाभर फुगलेलं तोंड. केली सही. टेम्पो आला, मी चार पेढे खाल्ले. हप्ते मात्र साडूनं भरले नाहीत. जगात एवढे महाग पेढे दुसऱ्या कुणी खाल्ले असतील तर त्यानं पुढं यावं.

"दुसरीकडं बघा ना काका," मॅडम म्हणाल्या. दुसरीकडं म्हणजे कुठं? जिथून आलो तिथं तर गिळायला बसलेत!

मी मटकन बाकड्यावर बसलो. समोर भिंतीवर बँकेचीच पाटी होती, तिच्यावर टांगलेल्या कॅलेंडरानं निम्मी झाकलेली. कॅलेंडर बाजूला सारलं आणि वाचायला लागलो. आता मी मनात वाचू शकत नाही, हा माझा जन्माचा दोष. "शून्य शिलकीचं साधं बचत खातं! कोणालाही उघडता येईल! किमान रकमेची अट नाही!" पंख्यावरची चिमणी उडाली. रांगेतली म्हातारी म्हणाली, "काहून वरडून राहिला रं?" मी पुढची ओळ वाचली. मग तीच परत वाचली. तिसऱ्यांदा वाचायला श्वास घेतला, तसे आतून त्या बँकेचे साहेब धावत आले.

"मॅडम, यांचं खातं उघडून द्या. आधी उघडून द्या."

चेकबुक नको म्हणालो, कर्ज नको म्हणालो, फुकटचं कॅलेंडर देत होते तेही नको म्हणालो. नवा क्यूआर पुण्याला गेला.

औषध सापडलं होतं. तोच डोस घेऊन मी जुन्या शाखेत गेलो आणि तिथल्या भिंती वाचायला लागलो. कोपऱ्यात सापडलं: किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावताना बचत खातं शून्याखाली नेता येत नाही. हे वाक्य मी असं वाचलं की रेल्वे स्टेशनवर गाडीची वाट बघणाऱ्यांनी सामान उचललं असेल. मॅनेजर साहेबांनी मला केबिनमध्ये नेलं, चहा पाजला.

"आप धीरे बोलिए. रिवर्स होगा. हेड ऑफिस से होगा."

"कब?"

"होगा."

या 'होगा'नं माझ्या चपलेचा तळ खाल्ला. रोज सकाळची एसटी. कंडक्टर तिकीट मागायच्या आधी विचारायचा, "आले का?" वस्तीत कोणी काही विचारत नव्हतं आणि तेच वाईट. वर्गणीला दारात उभा राहिलो तर लोक म्हणायचे, "आत्याकडं देतो." माझ्या हातात पाच रुपयेसुद्धा कोणी ठेवीना.

जयंतीच्या आदल्या दिवशी मेसेज आला. या खेपेला मी तो अक्षरन् अक्षर वाचला. सहा हजारांच्या आत काहीतरी जमा. पळत हिंगोली गाठली. बँकेनं परत तोंड उघडायच्या आत सगळे काढले, खातं बंद केलं आणि मॅनेजरला विचारलं, "बाकीचे?"

"चार्ज आमी परत दिला. टॅक्स सरकारला गेला."

आता सरकारची भिंत कुठं जाऊन वाचायची? होते तेवढे खिशात घालून मी एसटी गाठली.

विहाराच्या अंगणात पोहोचलो तेव्हा चुली मांडून झाल्या होत्या. आत्यांनी पैसे मोजले. परत मोजले.

"कमी हाईत."

"आत्या, टॅक्स सरकारनं नेला."

"सरकार आलं व्हतं का वर्गणी मागायला? तू आला व्हतास. काढ."

मी खिसा उलटा केला. कमी पडले ते बायकोनं कमरेच्या बटव्यातून काढून दिले, आणि देताना माझ्याकडं असं बघितलं की तिच्या बहिणीचा नवरा मीच आहे असं वाटावं. आत्यांनी सगळे एकत्र केले, पदराला गाठ मारली.

मी वाट बघत उभा राहिलो. आता सगळ्यांसमोर काहीतरी बोलतील, माईकवरून बोलतील. आत्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आचाऱ्याकडं गेल्या.

"गूळ आण रे खिरीचा. पैसे आले."

आचाऱ्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. "कुणाचे, आत्या?"

"आपलेच," आत्या म्हणाल्या. "ह्यानं आणले."