मापात न बसलेली गाडी

मास्तर महिनाअखेरीला पहिले आले आणि डोक्याला हात लावून बसले. गेली दोन वर्षं पहिलं न येण्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं, ते सगळं पाण्यात गेलं.

आधी हे प्रकरण काय ते सांगायला हवं, नाहीतर माणसाचं डोकं फिरलंय असं वाटायचं. कॉम्प्युटरवर एक खेळ असतो. त्यात गाडी चालवायची नसते, बनवायची असते. इंजिन, सांगाडा, स्प्रिंगा, दारं, सीट, सगळं आपण ठरवायचं. मास्तरीणबाई आजारी पडल्या तेव्हा जावयाने मास्तरांना तो खेळ घालून दिला, "तेवढाच वेळ जाईल" म्हणून. हा खेळ खेळणाऱ्यांची इंटरनेटवर एक मंडळ आहे. तिथे दर महिन्याला कुणीतरी एक गिऱ्हाईक लिहितं. खोटंच, पण नीट लिहायचं: वय काय, घरी कोण, रस्ता कसला, भीती कशाची वाटते. बाकीच्यांनी त्याला शोभेल अशी गाडी बनवून पाठवायची. मग लिहिणारा स्वतः ते गिऱ्हाईक होऊन एकेक गाडी पाहतो, प्रत्येकीवर चार शब्द लिहितो आणि त्यातली एक पसंत करतो. ज्याची गाडी पसंत, तो पहिला. आणि पुढच्या महिन्याचं गिऱ्हाईक पहिल्याने लिहायचं, हा तिथला नियम.

घोडं पेंड खात होतं ते इथेच. गिऱ्हाईक लिहायचं म्हणजे वीस लोकांच्या शंका निस्तरा, वीस गाड्या उलट्यासुलट्या करून पाहा, वर ज्यांची गाडी घेतली नाही त्यांचे रुसवे काढा. मास्तरांच्या अंगात तेवढं त्राण उरलं नव्हतं. म्हणून ते गाडी अगदी मन लावून बनवायचे, आणि पाठवण्याआधी तिच्यात मुद्दाम एक चूक घालायचे. कधी टायर बारीक, कधी दिवे मिणमिणते, कधी डिकी चार बोटं उथळ. दुसऱ्या कुणाची गाडी पसंत झाली की हुश्श करायचे.

त्या महिन्यात गिऱ्हाईक होता एक बेकरीवाला. पावाचा शेवटचा ट्रे दोन बोटं बाहेर राहील, अशी चूक मास्तरांनी योजूनही ठेवली होती. पण गाडी पाठवताना ती राहूनच गेली. माणसं दमली की चुका करतात. मास्तर इतके दमले होते की चूक करायला विसरले.

दमायला कारण होतं. मास्तर म्हणजे टेलर-मास्तर. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या तळघरात ते अल्टरेशन करत. वर झगझगाट, खाली एक ट्यूबलाइट, दोन मशिनी आणि कमी-जास्त करायला आलेल्या पँटींचा ढीग. गिऱ्हाइकाचं तोंड दिसत नसे. खडूची खूण आणि टाचणी पाहून मास्तर ओळखायचे, हा माणूस पोट आत ओढून उभा राहिला होता, याला नंतर पँट दाटणार. मग न सांगता अर्धा इंच सैल सोडायचे. तीस वर्षांत कुणाची पँट परत आली नव्हती. त्याबद्दल वरून कुणी कधी शाबासकी दिली नाही, ती गोष्ट वेगळी.

दुकान घरापासून हाकेच्या अंतरावर होतं, म्हणून निभत होतं. मास्तरीणबाईंना अर्धांगाचा झटका येऊन दोन वर्षं झाली. डावा हात, डावा पाय गेला. जीभ शाबूत राहिली, आणि ती आधीपासूनच दोघांना पुरेल एवढी होती. सकाळी पलंगावरून चाकाच्या खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, तिथून परत. दुपारी दोनदा दुकानातून धावत यायचं, उचलायचं, बसवायचं, धावत जायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी व्यायामासाठी दवाखान्यात टॅक्सीने. बसवायला एकदा, उतरवायला एकदा, येताना पुन्हा तेच.

तीन महिन्यांपूर्वी टॅक्सीच्या खोल सीटमधून बाईंना वर ओढताना मास्तरांच्या कमरेत उसण भरली, ती गेलीच नाही. त्यांनी शर्टाच्या आत घट्ट पट्टा बांधायला सुरुवात केली आणि कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. कारण लेक. ती दुसऱ्या शहरात राहत होती, आणि तिच्या घराजवळ अशा रुग्णांना सांभाळणारं एक केंद्र होतं. "बाबा, तुम्हाला झेपेनासं झालं की सांगा, मी आईला घेऊन जाते," असं ती दर फोनला म्हणायची. मायेनेच म्हणायची. आणि मास्तर दर फोनला म्हणायचे, "मला काय धाड भरलीय?" पट्ट्याचं कळलं असतं तर आठवड्याभरात बाईंचा पलंग रिकामा झाला असता. बत्तीस वर्षांचा संसार, त्यात खोलीचा अर्धा भाग रिकामा दिसणं मास्तरांच्या कल्पनेतही बसत नव्हतं.

तर असे हे मास्तर पहिले आले. चार दिवसांत गिऱ्हाईक लिहायचं होतं आणि त्यांना काही सुचेना.

"एवढं काय तोंड पाडून बसलात?" खुर्चीतून बाईंनी विचारलं.

"गिऱ्हाईक सुचत नाही."

"मग माझंच लिहा की. मी काय मेलेय?"

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. कमरेपासून गुडघा, गुडघ्यापासून टाच, उजवा हात कुठवर पोचतो, मान किती वळते, सगळी मापं घेतली. बाई म्हणाल्या, "लग्नातल्या ब्लाउजलासुद्धा एवढी मापं घेतली नव्हतीत," आणि मास्तर बऱ्याच दिवसांनी हसले.

मग त्यांनी लिहिलं. 'बाई, वय चोपन्न. डावी बाजू साथ देत नाही. सीट जमिनीपासून बरोबर एकोणीस इंच हवी, चाकाच्या खुर्चीइतकी, म्हणजे दोन्ही पाय टेकतात. गाडी बुटकी हवी, उंच गाडी वळणावर डुलते आणि बाईंना गरगरतं. आवाज नको. बोलायला आवडतं.' शेवटचं वाक्य त्यांनी तीनदा खोडलं आणि तीनदा लिहिलं.

शंका आल्या. डिकीत खुर्ची घडी करून ठेवायची की तशीच? रंग कोणता? मंडळात सगळे टोपणनावांनी वावरत. त्यातल्या 'रात्रपाळी' नावाच्या गड्याने, जो एरवी फारसा बोलत नसे, एकच प्रश्न विचारला: 'बाईंना गाडीत बसवतं कोण? त्या माणसाची उंची आणि वय किती?'

मास्तरांनी तो प्रश्न दोन दिवस नुसता पाहिला. मग लिहिलं, 'ते महत्त्वाचं नाही. गिऱ्हाईक बाई आहेत.'

तीन आठवड्यांत एकोणीस गाड्या आल्या.

मधल्या एका शुक्रवारी दवाखान्याच्या दारात बाईंना टॅक्सीतून काढलं आणि मास्तर तिथल्या तिथे वाकलेलेच राहिले. सरळ होता येईना. डोळ्यांपुढे काजवे चमकले. ड्रायव्हर पाहतोय, बाई पाहतायत, म्हणून ते तसेच खाली बसले आणि पायाशी हात नेऊन काहीतरी करू लागले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. लेस सुटलीय."

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांचं गप्प बसणं ही खरं तर मोठी बातमी होती, पण मास्तरांना ती वाचायचं त्या क्षणी सुचलं नाही.

निकालाच्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मास्तरांनी खुर्ची कॉम्प्युटरजवळ आणली. एकेक गाडी पडद्यावर फिरवून दाखवायची, बनवणाऱ्याने लिहिलेलं वाचायचं, आणि बाईंनी निवाडा द्यायचा, असं ठरलं होतं.

'काजळी' नावाचा एक गडी होता, तो कुठल्याही गिऱ्हाइकाला डिझेलचंच इंजिन द्यायचा. "हिच्यात बसून मी बोलले तर तुम्हाला ऐकू येईल का?" बाईंनी विचारलं. नाही येणार, म्हणाले मास्तर. "मग तुमच्यासाठी बरी आहे. पुढची." एक लांबलचक काळी गाडी आली. "ही मला शेवटच्या दिवशी पाठवा. पुढची." एकीत सीट एकोणीस इंच, दार रुंद, हाताला धरायला दांडा उजवीकडे, सगळं मापात, रंगही शांत निळा. "ही ठेवा बाजूला," बाई म्हणाल्या. मास्तरांनाही तीच आवडली होती. त्यांनी निकालाचं अर्धं लिहूनही ठेवलं होतं.

"झालं," मास्तर म्हणाले. "निळी घेऊ या."

"एकोणीस आल्या म्हणाला होतात. मी अठराच पाहिल्या."

"एक मापात नाही. बाद केलीय."

"गिऱ्हाईक मी आहे की तुम्ही? दाखवा."

मास्तरांनी नाइलाजाने दाखवली. 'रात्रपाळी'ची गाडी डब्यासारखी उंच होती. सीट एकोणीस इंचांऐवजी पंचवीस इंच. बाईंचे पाय जमिनीला जेमतेम लागले असते. वळणावर डुलणार हे तर कुणीही सांगितलं असतं. मागितलं होतं त्याच्या बरोबर उलटं.

"वेडा आहे का हा?" बाई म्हणाल्या. "खाली काय लिहिलंय, ते वाचा."

"काही विशेष नाही."

"वाचा म्हटलं ना."

मास्तर वाचू लागले. 'मी रुग्णालयात माणसं उचलायचं काम करतो, अकरा वर्षं झाली. बाईंची सगळी मापं दिली आहेत. उचलणाऱ्याचं एकही दिलेलं नाही, विचारूनसुद्धा. जो स्वतःचं माप देत नाही, त्याची कंबर बहुतेक गेलेली असते, हे मी पुष्कळ पाहिलंय. खोल सीटमधून माणूस वर काढताना कंबर मोडते. या सीटवरून बाई पुढे सरकल्या की उजव्या पायावर उभ्याच राहतील, नुसता आधार द्यायचा. चढायला पायरी ठेवली आहे. छप्पर उंच आहे, वाकावं लागणार नाही. बाईंना थोडं गरगरेल, त्याबद्दल माफी. मापात बसत नाही हे ठाऊक आहे. हरलो तरी चालेल.'

ही चूक चुकून झालेली नाही, हे त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. मुद्दाम केलेली चूक त्यांच्याइतकी कोण ओळखणार? म्हणून तर घाईघाईने बाद केली होती.



"ही घ्यायची," बाई म्हणाल्या.

"अगं, तुला गरगरेल."

"गरगरू दे. डोळे मिटून बसेन."

"पाय टेकणार नाहीत."

"अहो, तुमच्या गळ्यात मी दिवसातून दहा वेळा हात टाकते. शर्टाच्या आतला पट्टा माझ्या हाताला लागतो, तो काय मला कळत नाही? चार महिने झाले. आणि त्या शुक्रवारी लेस बांधत होतात. पायात चपला होत्या तुमच्या."

मास्तर मान खाली घालून बसले. इतक्या दिवसांचं ते लपवणं त्यांना एकदम पोरकट वाटलं, आणि त्याहून जास्त थकवा आला. रडू येत होतं, पण तेवढीसुद्धा ताकद नव्हती.

"मग बोलली का नाहीस?" त्यांनी विचारलं.

"मला जायचं नव्हतं." बाईंनी उजव्या हाताने पदर सारखा केला. "मीही गप्पच बसले ना, तुमच्याइतकीच. रोज म्हणायचे, आज नको, उद्या सांगू. तुम्ही वेदनेनं ओठ चावायचा, आणि मी भिंतीकडे बघायचे. मला माझीच लाज वाटते हो."

मास्तरांनी बाईंचा डावा हात, ज्याला काही कळत नव्हतं, आपल्या हातात घेतला.

"लेकीला कळलं तर ती नेईल तुला," ते म्हणाले.

"आज सांगितलं तर आपण बोलू तरी शकू तिच्याशी. सकाळ-संध्याकाळ मदतीला बाई लावते, असं तीच म्हणाली होती मागे. तुम्हीच नाही म्हणालात, परक्या माणसाचा हात नको म्हणून. आणि तुम्ही एक दिवस न्हाणीघरात मला घेऊन कोसळलात, तर विचारणार कोण आहे आपल्याला? नेतील उचलून, दोघांना दोन दिशांना."

मास्तर टेपचं टोक बोटाला गुंडाळत बसले.

"आधी त्या माणसाला लिहा," बाई म्हणाल्या. "तीन आठवडे झाले विचारून."

मास्तरांनी निळ्या गाडीचं अर्धवट लिहिलेलं पुसलं. मग दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'गाडी बाईंनी पसंत केली आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. उचलणाऱ्याची उंची पाच फूट तीन इंच. वय अठ्ठावन्न. कंबर चार महिन्यांपासून गेलेली आहे.'

शेवटच्या वाक्यापाशी थांबले. बाईंनी मागून पाहिलं. मास्तरांनी ते पाठवून दिलं.

बाईंनी मांडीवरचा फोन उचलला, एका हाताने लेकीचा नंबर लावला आणि फोन त्यांच्यापुढे धरला. दोनदा वाजल्यावर तिकडून उचलला गेला.

"हं, आई, बोल."

"आई नाही," मास्तर म्हणाले. "मी आहे. जरा माझ्याबद्दल बोलायचं होतं."