व्हेनिसला गेलेलं हसू

मालन रोज आमच्या शाळेवरून माशांची पाटी घेऊन जायची. काटक बाई आणि बोलण्यात कुणाची भीड न ठेवणारी. गिऱ्हाइकाने सरंग्याचे डोळे पाहून नाक मुरडलं, तर म्हणायची, "तुमच्या डोल्यांपरीस बरे हायत." तिचा नवरा हरिश्चंद्र केळशीतला नावाजलेला तांडेल होता. होडी त्याच्या सांगण्यावर चाले, घर मात्र हिच्या.

त्यांच्या घरात एक रीत होती. होडी सुटली की बाईने पाठ फिरवून घर गाठायचं आणि दर्यावर निघालेल्याने मागे वळून बघायचं नाही. मी एकदा कारण विचारलं. मालन म्हणाली, "कारान कशाला लागतंय, गुरुजी? मानूस परत येतो ना?"

छत्तीस सालच्या थंडीत एक सिनेमा कंपनी किनाऱ्यावर उतरली. कंपनीच्या दिग्दर्शकाला होडी समुद्रात जाताना हवी होती, आणि तांडेलाने वळून बायकोकडे बघून हसायला हवं होतं. हरिश्चंद्र चक्क नाही म्हणाला. सगळी वाडी त्याच्या मागे लागली, तेव्हा कुठे तयार झाला. मालन मात्र हटली नाही. यंत्र फिरू लागलं आणि ती नेहमीसारखी पाठ फिरवून चालू पडली. मी तिथेच उभा होतो. हरिश्चंद्र वळला आणि त्या पाठमोऱ्या बाईकडे बघून असा हसला, की आम्हालाही हसू आलं.

संध्याकाळी तिने त्याला विचारलं, "कसे हसलात ओ?" तो म्हणाला, "आता चित्रातच बग."

पुढच्या शिमग्याआधी विषमज्वराने तो गेला. मागे वळून पाहिलं म्हणून गेला, असं वाडीने ठरवून टाकलं. मला त्या बोलण्याची चीड आली. ज्वर विहिरीच्या पाण्यातून आला होता, हे मी ओरडून सांगितलं, पण माझं कोण ऐकतो? हरिश्चंद्राचा एक फोटोसुद्धा घरात नव्हता. मालनला आता एकच हवं होतं, ते हसू. भेटली की विचारायची, "आला काय वो सिनेमा?"

सदतीस साली, पावसाळा सरता सरता, वर्तमानपत्रात बातमी आली. आमच्या किनाऱ्याचा चित्रपट इटलीत व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला होता. देशोदेशींचे चित्रपट तिथे जमतात. सिनेमाला कला म्हणून मान मिळावा आणि राष्ट्रांनी एकमेकांचं जीवन ओळखावं, हा म्हणे हेतू. मॉस्कोलाही असा एक सोहळा होऊन गेला होता. ज्या इटलीने नुकताच विषारी वायू सोडून आफ्रिकेतला अबिसीनिया देश गिळला, ती राष्ट्रांच्या ओळखी करून देणार, हे वाचून माझं डोकं फिरलं. बातमीत मात्र एक ओळ होती, की होडीतल्या तांडेलाचं हास्य तिथल्या प्रेक्षकांना फार आवडलं. ती मी मालनला वाचून दाखवली.

"तिथल्या लोकांनी बगितला त्यांना?" ती म्हणाली. "मंग आपल्याकडं कदी?"

आपल्याकडे कधी, हे कुणालाच माहीत नव्हतं. मुंबईत चित्रपट लागला, तेव्हा मालनच्या गिरणीतल्या चुलत दिराने बघून येतो म्हणून सांगितलं. त्याला सुट्टी मिळेपर्यंत खेळ उतरला होता. पुण्यात लागला, कोल्हापुरात लागला. ज्या वाळूवर काढला, तिथे यायची त्याला गरज वाटली नाही. अखेर अडतीस सालच्या उन्हाळ्यात रत्नागिरीत तंबूत लागल्याचं कळलं. मी, मालन आणि तिची जाऊ सगुणा, अशी तिघं तरीने खाडी ओलांडून हर्णैला गेलो आणि आगबोटीत बसलो. सगुणा वाटभर ओकत होती. मालनने नवं लुगडं नेसलं होतं.

तंबूत बायकांच्या बाजूला ती ताठ बसली. पडद्यावर आमचा समुद्र आला, होडी पाण्यात ढकलली गेली, शीड वर चढलं. मालनने सगुणाचा हात धरला. एवढ्यात नायिका झोपाळ्यावर बसून गाऊ लागली. हरिश्चंद्र काही वळला नाही. आता येईल, मग येईल, असं म्हणत मी पडद्याकडे बघत राहिलो. 'समाप्त' आलं. लोक उठले, कनाती वर झाल्या, तरी मालन हलेना.

तिकिटांवर नजर ठेवायला कंपनीचा माणूस चित्रपटाबरोबर फिरत असे. त्याला मी दारातच अडवलं आणि हरिश्चंद्र कुठे गेला म्हणून विचारलं. सगुणाला घेऊन मालनही माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"तो तुकडा होय?" तो म्हणाला. "तो परदेशच्या प्रतीत आहे. महोत्सवातल्या लोकांना खरा हिंदुस्थान बघायचा असतो. इथे कोळी दाखवून काय करायचं? लोक गाण्यासाठी शिट्ट्या मारतात."

"मग ती प्रत आणा."

"ती कशी येणार? पुढच्या कुठल्याशा देशात गेली."

मी त्याला नको नको ते बोललो. माणसं जमली. तो खांदे उडवून पेट्या बांधायला गेला. तो म्हणाला ते काही खोटं नव्हतं, आणि त्यामुळेच माझा संताप जास्त होत होता.

रत्नागिरीच्या मांडवी बंदरावर आम्ही सकाळच्या बोटीची वाट बघत बसलो. मग मालन म्हणाली, "त्यांच्या जिवासाठी मी पाठ फिरवली, गुरुजी. नायतर त्यांना हसताना तवाच बगितला असता."

व्हेनिसला मोठमोठ्या माणसांनी त्याला नावाजलं, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"नावाजला असेल," ती म्हणाली. "पन ते त्या लोकांचे कोन लागत होते?"