अक्कानं मागून घेतलेली खोली

नांदेडच्या दवाखान्यातून पुतण्याचा फोन आला, "काकू, आई गेली..." तेव्हा मी चहात बिस्कीट बुडवत होते. ते कपातच राहिलं. आमची अक्का, माझी थोरली जाऊ, जाऊन आता महिना झाला.

कंधारच्या गढीत सून म्हणून आले तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजायची. मॅट्रिक पास होते ना! भाकरी मात्र तव्यावर पडली की तिचा नकाशा व्हायचा. गढीच्या मागं विटाळशीची खोली होती. पाळीच्या दिवसांत तिथं बसायचं, कशाला शिवायचं नाही, कामाला हात लावायचा नाही. बाकीच्या बायका त्या अंधाराला वैतागत. मला तो स्वर्ग वाटला. माहेरून आणलेल्या कादंबऱ्या लुगड्याच्या घडीत लपवून मी आत शिरायची... आणि लवकरच महिन्यातून दोनदा शिरू लागले. सासूबाईंना संशय आला की अक्काच सांगायची, "तिच्या अंगात लई उष्णता हाय, आत्याबाई." मला वाटायचं, किती भोळी ही! ती दुरून ताट सरकवायची आणि माझ्या वाटणीचं काम उरकायला निघून जायची.

पुढं गढी ओस पडली. आम्हा दोघी जावांच्या घरांनी ती नगरपालिकेला दिली. जुनेच दगड पुन्हा रचून सभागृह, वाचनालय आणि दाखल्यांची खिडकी करायचं ठरलं. नव्या इमारतीच्या नकाशात विटाळशीच्या खोलीच्या जागी मोडक्या खुर्च्यांची अडगळ दाखवली होती. सह्यांच्या दिवशी अक्कानं अंगठा पुढं केलाच नाही.

"ती खोली बायांला द्या. खेड्यांतून दाखल्यासाठी येतेत, उन्हात उभ्या राहतेत."

मी कानाशी लागले, "अक्का, ती पाडूच दे. लोक काय म्हणतील, कसली खोली..."

"तुला कामून नकोशी झाली? महिन्यातून दोनदा जायचीस की."

मी तिला बाजूला ओढलं. "तुला ठाऊक होतं?"

"वाचता येत न्हाई मला. मोजता येतं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"घरात एक तरी बाई निवांत बसलेली दिसायची... बरं वाटायचं."

नगरपालिकेच्या साहेबांनी नकाशा बदलला. खोलीला खिडक्या झाल्या, पंखा आला, सतरंजी आली. पहिल्याच दिवशी अक्का पाय पसरून बसली. "आता वाच मोठ्यानं. तवा एकटीनंच गिळलंस सगळं." तेव्हापासून रोज दुपारी मी वाचायची आणि ती नायकाला मनसोक्त शिव्या घालायची. मग दुखणं आलं, तिला नांदेडला नेलं. कादंबरी अर्ध्यावरच राहिली.

परवा पहिल्यांदा एकटी गेले. पुस्तक काढून मनातच वाचत होते, तर पिशवी उशाला घेऊन पडलेली एक बाई म्हणाली, "मोठ्यानं वाचा की, मावशी. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून न्हाई, बाई. अर्ध्यापासून. एकजण पुढचं ऐकायची राहिलीय."

"हाव का?" म्हणत ती उठून बसली, पिशवी जवळ ओढली आणि शेजारी एका माणसापुरती जागा करून दिली.

मी वाचायला लागले.