लॉरिट्सची आई

"पाथरवट उद्या सकाळी छिन्नी लावनार हाय, आक्का. आनि तू आज म्हनतीस पनजीच बदल?"

"पनजी बदलाय मी कोन? पनजी हाय ती हायच. तुझ्या दगडावर तेवढी भलतीच बसलीया."

आर्व्हिला टर्की कोंबड्यांच्या पाण्याच्या डोण्या घासत होती, आणि बोलताना हातातला ब्रश काही थांबत नव्हता. कुंपणाला टेकलेला तिचा चुलतभाऊ डिलॉय बेरेंत्सन म्हणजे घराण्याच्या मंडळाचा अध्यक्ष. सॅनपीटच्या खोऱ्यात मेंढरं राखावीत तर त्यानंच, असं नाव होतं त्याचं. पूर्वज माळ तुडवून इथं वसायला आले, त्या आठवणीच्या चोवीस जुलैच्या सणाला सगळे बेरेंत्सन जमणार होते आणि मूळपुरुष सोरेनच्या थडग्यावर नवा दगड उभा राहणार होता. सोरेन, त्याची बायको दोर्थेआ आणि खाली त्यांची पोरं. त्या पोरांत या दोघांचा आजा लॉरिट्सही होता.

सोरेनला बायका दोन होत्या, हे खोऱ्यात कुणापासून लपलेलं नव्हतं. धाकटी सिडसे. पण ती वांझ गेली असं घरात सांगत आले, म्हणून दगडावर तिला जागा नव्हती.

"वांझ!" आर्व्हिलानं डोणी पालथी घातली. "लॉरिट्सआज्याला शेवटचं दुखनं आलं तवा उशाला कोन होतं? मी. हाका कुनाला मारत होता? दोर्थेआला न्हाई. 'सिडसे आत्ती, सिडसे आत्ती' करत गेला. मरताना मानूस आत्तीला हाक मारतं व्हय रं?"

"लाडकी आसंल आत्ती."

"आत्ती न्हवं, आई. दोन बायकांच्या दादल्यास्नी धराय सरकारी शिपाई हिंडत होतं, तवा पोरास्नी काय पढवायचं? धाकटीला आत्ती म्हना, थोरलीला आई म्हना. शिपाई दारात आला की पोरगं खोटं बोलायचं. पुढं शिपाई गेलं, पन जिभंला वळन पडलं ते पडलंच. आपल्याच घरात न्हवं, निम्म्या खोऱ्यात ह्योच घोळ हाय."

डिलॉयनं टोपी काढून पुन्हा घातली. आगगाडी नव्हती त्या काळी, दोर्थेआ बारा वर्षांची असताना, हातगाडी ढकलत शेकडो कोस माळ तुडवून आली होती. त्या पणजीचं रक्त आपल्या अंगात आहे, हे त्यानं चर्चमध्ये उभं राहून इतक्यांदा सांगितलं होतं की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या ओठ हलवून साथ द्यायच्या.

"मंटायच्या आपल्या चर्चच्या मंदिरात लॉरिट्स दोर्थेआचा पोर म्हनून कायमचा तिच्या पदरात बांधलाय, आक्का."

"बांधनारा मानूसच होता. बाळंतपनाच्या कळा कुनाला आल्या, ते देवाला ठावं हाय. ऊठ, पिकअप काढ. तुला काय तरी दावायचं हाय."

आर्व्हिलाला नाही म्हणायची आमच्या खोऱ्यात रीत नव्हती. नवरा गेल्यावर तिनं टर्की आणि लसूणघास एकटीनं सांभाळला. फावल्या वेळात तारेचा ब्रश घेऊन ती स्मशानं पालथी घालायची, शेवाळ खरवडून मेलेल्यांची नावं उजेडात आणायची. सोयरीक जुळली की मुलीचे बाप आधी तिच्या स्वयंपाकघरात येत. कोण कुणाचा कोण, ती दूध तापवता तापवता सांगायची.

डोंगर ओलांडून ते पलीकडच्या कोळशाच्या खाणीच्या गावात पोचले. दोर्थेआची मुलगी पेट्रेआ एका ग्रीक खाणकामगाराबरोबर पळून गेली ती इकडंच. तेव्हापासून बेरेंत्सनांनी तिचं नाव घेणं सोडलं होतं. मंडळाच्या यादीत नुसतं नाव होतं, जन्मतारीख कोरी. गेल्या महिन्यात आर्व्हिलानं तिचं थडगं हुडकलं होतं, त्यापुढंच तिनं आता डिलॉयला उभं केलं.

"वाच."

डिलॉय वाकला. पेट्रेआ, दोर्थेआची लेक, जन्म मार्च १८८१.

"हिची आई कोन, ह्यात तरी शंका न्हाई न्हवं? आता लॉरिट्सआज्याचा जन्म सांग."

"ऑगस्ट." त्यानं बोटं मोजली. "ऑगस्ट एक्क्याऐंशी."

"पाच महिन्यांत दुसऱ्यांदा कोन वितं रं, डिलॉय? तू जलमभर कळप राखलास."

"मेंढी," तो हळूच म्हणाला.

"आनि दोर्थेआ मेंढी न्हवती."

आधी त्याला हसू आलं. मग तो दगडाच्या कडेवर बसला.

"म्हंजे माझी पनजी हातगाडी ढकलत आलीच न्हाई?"

"आगगाडीतनं आली. बाकावर बसून. त्येला काय? आपल्या पोटच्या पोराच्या तोंडनं 'आत्ती' ऐकत जलम काढला तिनं, कुनाला वाकडा शब्द बोलली न्हाई. हातगाडी हलकी पडंल त्येच्यापुढं. चर्चमदी हे सांग की! म्हाताऱ्यास्नी बी नवीन कायतरी मिळंल."

मग दोघं परतले. गावात शिरताच डिलॉयनं गाडी पाथरवटाच्या छपरापुढं लावली आणि स्वतः उतरला. आर्व्हिला आत बसून ऐकत होती.

"अजून एक नाव घालायचं. सिडसे. खाली लिव्ह, लॉरिट्सची आई."

"कोपऱ्यात बारीक अक्षरात बसवतो," पाथरवट म्हणाला.

"कोपऱ्यात न्हाई. दोर्थेआच्या बरोबरीनं, तेवढ्याच अक्षरात. दगड पुरत नसंल तर मोठा दगड घे. मंडळात कोन बोललं तर माझ्याकडं धाड."

तो गाडीत बसला. आर्व्हिलानं त्याच्याकडं बघितलं नाही, शाबासकी तर नाहीच दिली.

"चल बिगीनं. माझी पाण्याची पाळी लागली आसंल. पाटकरी कुनासाठी थांबत न्हाई, आनि शेजारचा तर टपूनच बसलाय."

घरापाशी गाडी थांबायच्या आत तिनं दार उघडलं. नवऱ्याचे गुडघ्यापर्यंतचे बूट चढवले, फावडं खांद्यावर टाकलं आणि लसूणघासाच्या वरच्या अंगाला निघाली. पाटात पाणी आलंच होतं. ताडपत्रीचा बांध आडवा टाकून तिनं पहिली सरी फोडली.