निवाऱ्याच्या वर की खाली

त्रेंटा खोऱ्यातल्या शाळेत विल्मा क्रावान्या इंग्रजी शिकवायच्या. तुलनेचा शब्द चुकला की बाई वाक्य पुढे सरकूच देत नसत, म्हणून मुलं त्यांना पाठीमागे 'पेक्षाबाई' म्हणायची.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी तास चालू असतानाच गाश्परचा निरोप आला. "बाई, असाल तशा या." गाश्पर त्यांचा जुना विद्यार्थी, आता डोंगरातल्या बचाव पथकाचा प्रमुख. पथकात इंग्रजी बरं येणारा एकच गडी, आणि तो तापाने फणफणला होता.

बाई पथकाच्या ठाण्यावर पोचल्या तेव्हा माणसं दोर खांद्यावर टाकून दारात उभी होती. बाहेर धुकं खाली उतरत होतं.

"स्पेनची बाई आहे, एल्विरा," गाश्परने फोन त्यांच्या हातात दिला. "भाऊ घसरलाय, पाय मोडलाय. कुठे आहेत तेच कळत नाही."

मोबाइल तेव्हा नुकतेच आले होते. ठिकाण दाखवण्याइतके शहाणे झाले नव्हते. पलीकडून वाऱ्याचा आवाज आणि रडवेला सूर आला, "वी... मोअर हाय... हट..."

"हायर," बाईंच्या तोंडून निघून गेलं. "हायर म्हणा, मोअर हाय नव्हे."



"बाई!" गाश्पर ओरडला. "ती परीक्षेला बसलीय का?"

बाईंचा चेहरा उतरला. "एल्विरा, चुकलं माझं. बोला, कसंही बोला."

"हट... मोअर हाय..."

"म्हणजे डोंगरावरच्या निवाऱ्यापेक्षा वर आहेत," गाश्पर म्हणाला. "खिंडीच्या वाटेने चला रे."

"थांब. 'पेक्षा' कुठे म्हणाली ती? आपण निवाऱ्याच्या वर आहोत म्हणतेय, की निवारा आपल्या वर आहे?"

गाश्पर थबकला. वर असतील तर खिंडीची वाट, खाली असतील तर घळीची. दोन्ही वाटा गावातूनच फुटत. माणसं एकाच वाटेपुरती होती, आणि चुकलं तर परत फिरायला उजेड उरला नसता.

"तुम्ही निवाऱ्यापेक्षा वर आहात?" बाईंनी सावकाश विचारलं.

"येस, येस!"

"निवारा तुमच्यापेक्षा वर आहे?"

"येस! प्लीज!"

बाईंनी फोनवर हात ठेवला. "घाबरलीय. कशालाही हो म्हणतेय."

"मग काय करायचं? फोन कधीही बंद पडेल."

हो-नाहीचा प्रश्न नको होता. त्यांनी शब्द मोजून विचारलं, "एल्विरा, निवाऱ्याकडे चालत निघालात तर चढाल की उतराल? अप, ऑर डाउन?"

वारा घोंगावला. मग आवाज आला, "अप. अप, अप! वी गो अप, ही फॉल." आणि फोन बंद पडला.

"खाली आहेत. घळीत," बाई म्हणाल्या.

"नक्की?"

"तिनं सांगितलंय ते एवढंच."

गाश्पर दाराकडे वळला. मग माणसांना म्हणाला, "घळीने चला."

पुढचा सगळा वेळ बाई वायरलेससमोर बसून होत्या. कुणीतरी चहा ठेवला, तो तसाच गार झाला. धुक्यातून खरखरत गाश्परचा आवाज आला तेव्हा बाहेर अंधारत होतं. "बाई, सापडले. भाऊ गारठलाय, पण बोलतोय."

वाट सांगितली ती आपण, हे बाईंना आत्ता कुठे उमगत होतं.

पुढे भावाचा पाय सांधला, थोडा लंगडेपणा राहिला. सुटकेच्या दुसऱ्याच दिवशी गाश्पर शाळेत आला होता. "पुन्हा बोलावलं तर याल ना?"

"आज विचारू नकोस," बाई म्हणाल्या.

पण पुढच्या उन्हाळ्यात त्याने बोलावलं, आणि त्या गेल्या. फोन हातात घेताना वाट चुकीची सांगितली जाईल अशी भीती वाटली. नंतरही दरवेळी वाटायची.