शिट्टीवाला सेट

आमच्या सेटचं सगळ्या मुळशी खोऱ्यात नाव होतं. 'शिट्टीवाला' हे ते नाव. ऐन मंगलाष्टकांत आमचा कर्णा अशी किंकाळी फोडायचा की नवरीच्या पाठीशी उभा असलेला मामा दचकून अक्षता सांडायचा. लोक म्हणायचे, लग्नाला वाजंत्री सांगायची गरज नाही, माले गावचा सेट आणला की भागतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, माल्यात लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचे. एक ॲम्प्लिफायर, दोन कर्णे, एक माईक. अर्धं आयुष्य त्यांनी कर्ण्याखाली मांडी घालून काढलं होतं. ऐंशी साल उलटून गेल्यावर पौडात कुणीतरी चकचकीत नवा सेट आणला आणि आमच्या सुपाऱ्या भराभर तिकडे वळल्या. एका लगीनसराईत तर फक्त नातेवाइकांनीच बोलावलं, तेही तोंड वाकडं करून. अजून एक हंगाम असाच गेला असता, तर अण्णांना कर्णे माळ्यावर टाकून घरी बसावं लागलं असतं.

मी तेव्हा आयटीआयतून वायरमनचं प्रमाणपत्र घेऊन आलो होतो, त्यामुळे मला जगातलं सगळं कळत होतं. "सेट भंगार झालाय, फुंकून टाका," असं मी रोज म्हणायचो. अण्णा शांतपणे मान हलवायचे. मला वाटायचं, हट्टी आहेत.

अशात पुण्याची तीन पोरं दारात आली. केस खांद्यापर्यंत, पँटी गुडघ्यावर फाटलेल्या, जीप मात्र बापाची आणि धड. त्यांचा बँड होता. कासार आंबोलीत एकाच्या काकाचा बंगला होता, तिथं खिडक्यांना गाद्या टांगून त्यांनी स्टुडिओ केला होता आणि त्यांना एक अल्बम काढायचा होता. आमचं संगीत अंडरग्राउंड आहे म्हणाले. म्हणजे काय, विचारलं, तर म्हणाले, फारसं कुणी ऐकत नाही असं. म्हटलं, मग आपण एकाच धंद्यातले.

त्यांनी एका लग्नात आमची शिट्टी ऐकली होती. त्यांना तीच हवी होती. "सेटला हात लावू नका, जसा आहे तसाच आणा," असं त्यांनी मला बजावलं. ज्या शिट्टीपायी आम्ही गावोगाव शिव्या खाल्ल्या, तिला शेवटी कदरदान भेटला. पण हे अण्णांना कोणत्या तोंडानं सांगणार? मी कानाशी जाऊन एवढंच ओरडलो, "सुपारी हाय, अण्णा! शहरातली माणसं हायेत!"

अण्णांचा चेहरा असा उजळला की पुढचं सांगायची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी जीप येण्याआधी त्यांनी सुपारी आली की करायचं ते सगळं केलं. व्हॉल्यूमच्या बटणात साठलेली मांडवांची धूळ काढली. माईकला नवी वायर घातली. कर्ण्याला हळदकुंकू लावून नारळ फोडला. बंगल्यावर गेल्या गेल्या ओल्या जमिनीत सळई ठोकून अर्थिंगही दिलं. पोरांनी वाजवायला सुरुवात केली. गिटार म्हणजे पत्र्यावर दगड घासावा तशी, ढोल म्हणजे भांडण. पण शिट्टी नाही. आवाज बघावा तर आरशासारखा लख्ख.

गिटारवाला रडवेला झाला. "काका, हे तर एकदम स्वच्छ येतंय हो!"

त्याचं तोंड बघून अण्णांनी हात जोडले आणि ते विनयानं हसले. मी भिंतीला तोंड करून उभा राहिलो.

मग ढोलवाल्यानं हातानं खूण केली, आवाज वाढवा. अण्णांनी नेहमीसारखा एक तळवा ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं बटण फिरवलं. फिरवत राहिले. आणि साफ केलेल्या बटणातून, नव्या वायरीतून, तीच ती जुनी शिट्टी आली. पोरं नाचायला लागली. मी कानांत बोटं घातली. अण्णा मात्र समाधानानं मान डोलावत होते, त्यांची पापणीसुद्धा लवली नाही.

तेव्हा कुठं या प्रमाणपत्रधारी विद्वानाच्या डोक्यात प्रकाश पडला. सेट कधी बिघडलाच नव्हता, आवाज हद्दीबाहेर वाढवला की तो शिट्टी मारायचा. अण्णांना शिट्टी ऐकूच येत नव्हती. आपल्याला ऐकू येईपर्यंत ते बटण फिरवत होते, आणि घरात मी सोडून दुसरा वायरमन नव्हता.

परतताना जीपमध्ये अण्णा म्हणाले, "लई ग्वाड वाजवत्यात पोरं. लई दिसांनी समदं नीट ऐकाय आलं."

त्यानंतरच्या सुपारीपासून बटणाशी मी बसायला लागलो. शिट्टी थांबली, सुपाऱ्याही हळूहळू परतल्या. अण्णा कर्णे बांधायचे आणि मांडवाच्या कडेला जाऊन बसायचे. का म्हणून त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. दोघंही मोठे मुत्सद्दी.

अल्बमची कॅसेट पोरांनी आणून दिली. ती कुणी विकत घेतल्याचं ऐकिवात नाही. मी अख्खी एकदाच ऐकली, आणि अण्णा गेल्यावर फक्त सुरुवात, बऱ्याच वेळा. पोरांनी टेप आधीच चालू केला होता. मागच्या रांगेला विचारायची सवय असल्यासारखे अण्णा माईकवर विचारतात, "हॅलो, आवाज येतोय का?" मागून मी वैतागून म्हणतो, "येतोय." ते परत विचारतात. मी ओरडतो, "येतोय, अण्णा!"

मग ते तिसऱ्यांदा विचारतात, आणि मी कॅसेट पुन्हा मागे फिरवतो.